वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले पुस्तक

एकसष्ट वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचे आठ पानी पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा. दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी त्यांनी चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान एका पहाटे झोपेतच गेले. (आदल्या रात्री त्यांनी छातीत जळजळ होत असल्याचे सांगितले होते आणि आपण त्यांना ओव्याचे पाणी दिले होते, असे या बाईंनी पत्रात कंसात लिहिले आहे.) त्यानंतर वर्षभर त्यांच्याकडून काहीच वाचून झाले नाही. मग मुलाने पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली, जॉर्ज सिमेनाँ या लेखकाची, पॅरिसच्या पोलीस खात्यातील मेग्रे या अधिकाऱ्यावरची एक कादंबरी इंग्रजी अनुवादात हाती लागली आणि वाचन पुन्हा सुरू झाले. आजवर अशा एकतीस कादंबऱ्या वाचून झाल्या आहेत. रात्रभर चौकशी चाललेली असताना मेग्रे जवळच्या उपाहारगृहातून सँडविच आणि बिअर मागवतो, ती पाने त्या पुन्हा पुन्हा वाचतात. खून कोणी केला हे मात्र महिनाभरात विसरतात. गावातल्या वाचनकट्ट्यावर हे कोणालाही ठाऊक नाही, कारण पुस्तकाला त्या वर्तमानपत्राचे कव्हर घालतात. पुढच्या महिन्यात प्रत्येकाने ‘मला या वर्षी भावलेले पुस्तक’ या विषयावर बोलायचे आहे. त्यांच्या नावापुढे एका गंभीर, नावाजलेल्या कादंबरीची नोंद झाली आहे आणि ती साठाव्या पानापुढे गेलेली नाही. कट्ट्यावरच्या एका जुन्या मैत्रिणीने मागे एकदा ‘खुनाच्या गोष्टी वाचणारी माणसे मनाने आळशी असतात’ असे म्हटले होते, ते त्यांच्या मनातून जात नाही. शिवाय शिक्षिका असताना त्यांनी स्वतः मुलांच्या बाकांखालून रहस्यकथा जप्त केलेल्या आहेत. १९९१ मध्ये नववीतल्या एका मुलाकडून घेतलेली बाबूराव अर्नाळकरांची एक कादंबरी अजून त्यांच्या कपाटात आहे. तो मुलगा आज गावातच औषधांचे दुकान चालवतो. त्यांचे प्रश्न दोन आहेत. कट्ट्यावर खरे सांगावे का? आणि आयुष्याच्या या टप्प्यावर खुनाच्या गोष्टींत रमणारे मन निरोगी म्हणावे का?

प्रिय ताई,

सस्नेह नमस्कार. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून मी उलट्या क्रमाने जाते. एखादी गोष्ट चारचौघांत सांगण्याचे धैर्य गोळा करण्यापूर्वी, ती मुळात लाज वाटण्याजोगी आहे का, हे तपासून घेतलेले बरे.

तुम्ही स्वतःवर ठेवलेला आरोप असा आहे की तुम्हाला खून वाचायला आवडतात. परंतु याच पत्रात तुम्ही दिलेला पुरावा या आरोपाशी जुळत नाही. जिला खुनाचे आकर्षण आहे ती वाचक खुनी कोण हे महिनाभरात विसरणार नाही. तुम्ही ते विसरता, आणि तुमच्या लक्षात राहतात ती रात्री उशिरा आलेली सँडविच, खिडकीबाहेरचा सीन नदीवरचा अंधार, आणि मेग्रेच्या कचेरीतली ती जुनी कोळशाची शेगडी. इमारतीत सगळीकडे नव्या पद्धतीची उष्णतेची सोय झाली तरी मेग्रेने आपली शेगडी काढू दिली नाही, हे तुम्ही आवर्जून लिहिले आहे. पत्राच्या चौथ्या पानावर त्या शेगडीसाठी तुम्ही सात ओळी खर्च केल्या आहेत आणि एकाही खुनासाठी एक ओळ खर्च केलेली नाही. तेव्हा तुम्हाला नेमके काय आवडते, याचा शोध शेगडीपासून घ्यायला हवा, असे मला वाटते.

पोलीस तपासाची कादंबरी आणि खासगी गुप्तहेराची कादंबरी या वरवर पाहता बहिणी वाटतात, पण त्यांचा आनंद वेगळा आहे. खासगी गुप्तहेर हा प्रतिभावंत असतो. त्याला प्रकरण आवडले तर तो ते घेतो, नाही तर घेत नाही. आपल्याकडे अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे धनंजय, झुंजार, काळा पहाड हे नायक घरोघरी पोहोचले. पण यांपैकी कोणालाही सकाळी हजेरी लावायची नव्हती, की वरिष्ठांना अहवाल द्यायचा नव्हता. पोलीस अधिकाऱ्याचे तसे नसते. त्याला पगार असतो, बदलीची टांगती तलवार असते, हद्द असते, आणि ज्या दिवशी प्रेत सापडले त्या दिवशी ठाण्यावर जो असेल त्याच्याच गळ्यात प्रकरण पडते. मेलेला माणूस श्रीमंत असो वा भिकारी, तपास त्याला करावाच लागतो. पोलीस कादंबरीचा सगळा गोडवा मला या ‘करावाच लागतो’मध्ये साठलेला दिसतो. कोणीतरी नेमून दिलेले काम नीट करते आहे आणि त्या कामाचा विषय असा एक माणूस आहे, की ज्याला आता त्याचा काहीही उपयोग नाही.

माझे मामा एका जिल्ह्याच्या ग्रामीण भागात फौजदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे जात असू. एकदा विहिरीत सापडलेल्या अनोळखी माणसाची अकस्मात मृत्यूची नोंद झाली होती आणि मामा घरी बसून मरणोत्तर पंचनाम्याची नक्कल स्वच्छ अक्षरात काढत होते. त्यांच्या खांद्यावरून मी ते वाचले. अंगात पांढरा सदरा, उजव्या खांद्यावर ठिगळ, ठिगळाचा दोरा निळा. खिशात तंबाखूची चंची, चुन्याची डबी, एसटीचे भिजलेले तिकीट. मी विचारले की दोऱ्याचा रंग कशाला लिहायचा. मामांनी मान वर न करता सांगितले की आपण लिहिला नाही, तर तो दोरा नव्हताच असे होईल. त्या दोऱ्यावरून पुढे काही निष्पन्न झाले नाही. पण त्या माणसाचा सदरा फाटला तेव्हा घरात पांढरा दोरा नव्हता आणि कोणीतरी निळ्या दोऱ्याने तो सांधून दिला होता, एवढी एक गोष्ट त्या कागदामुळे जगात शिल्लक राहिली. पुढे अनेक वर्षांनी मी पोलीस कादंबऱ्या वाचू लागले तेव्हा त्यांत मला प्रथम ओळखीचा वाटला तो हा निळा दोरा.

तुम्ही अद्याप मेग्रेच्या बाहेर फारशा गेलेल्या नाहीत, म्हणून दोन पुस्तकांबद्दल थोडे विस्ताराने सांगते. जपानी लेखक सेइचो मात्सुमोतो यांची ‘पॉइंट्स अँड लाइन्स’ या नावाने इंग्रजीत आलेली कादंबरी मूळ जपानीत १९५८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. फुकुओकाजवळ काशिई येथील समुद्रकिनाऱ्यावर एक पुरुष आणि एक स्त्री मृतावस्थेत सापडतात. विष घेतलेले आहे, दोघे शेजारी शेजारी पडलेले आहेत, आणि पाहणारा प्रत्येक जण प्रेमी युगुलाची आत्महत्या असे म्हणून मोकळा होतो. तोरिगाई नावाच्या, अंगावर जुनाट कोट घालणाऱ्या एका प्रौढ स्थानिक पोलिसाला मात्र मृताच्या खिशात रेल्वेच्या भोजनयानाची पावती सापडते, आणि त्या पावतीवर गिऱ्हाईक एकच असल्याची नोंद असते. दोघे एकत्र मरायला निघाले होते, तर तो एकटाच जेवायला का गेला? तिला भूक नसेल, असे सहकारी म्हणतात. तोरिगाई घरी जाऊन आपल्या मुलीला विचारतो की तू असतीस तर काय केले असतेस. आणि भूक नसली तरी सोबत म्हणून मी जाऊन बसले असते, असे तिचे उत्तर येते. प्रश्न भुकेचा नसून प्रेमाचा आहे, हे एका पोलिसाला घरातल्या संभाषणातून कळते, आणि बंद होऊ घातलेले प्रकरण त्या चिठोऱ्यावर उघडे राहते. पुढे टोकियो स्टेशनचे फलाट, आगगाड्यांची वेळापत्रके आणि दिवसातली फक्त चार मिनिटे यांचा जो खेळ लेखकाने मांडला आहे, तो मी सांगणार नाही. मला सांगायचे होते ते पावतीबद्दल. ज्याने आयुष्यभर शेजारच्या माणसाच्या जेवणाची वेळ सांभाळली आहे, त्यालाच त्या पावतीतली विसंगती टोचेल.

दुसरे पुस्तक स्वीडनचे आहे. माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक आणि त्याच्या सहकाऱ्यांवर बरोबर दहा कादंबऱ्या लिहिल्या. मुले झोपली की दोघे लिहायला बसत आणि प्रकरणे वाटून घेत. पहिल्या कादंबरीच्या आरंभी कालव्यातला गाळ काढणाऱ्या यंत्राच्या पोहऱ्यात एका तरुणीचे प्रेत वर येते. तिच्या अंगावर कपडे नाहीत, जवळ वस्तू नाहीत, आणि तिला शोधत कोणीही येत नाही. पुस्तकाचा बराच मोठा भाग ही मुलगी कोण होती, एवढे ठरवण्यातच जातो. आठवडे जातात, महिने जातात. पोलीस पत्रे लिहितात, उत्तरांची वाट पाहतात, कालव्यातून गेलेल्या प्रवासी बोटीवरच्या लोकांनी सुट्टीत काढलेली छायाचित्रे देशोदेशींहून मागवतात आणि त्यांतल्या गर्दीत तिचा चेहरा शोधतात. या काळात मार्टिन बेकला सर्दी झालेली असते, घरात बायकोशी धड बोलणे होत नाही, पोट बिघडलेले असते. या पुस्तकाच्या नावाकडे लक्ष द्या. ते नाव त्या मुलीचे आहे. ‘रोझॅना’. जिला कोणी विचारत नव्हते तिला नाव मिळेपर्यंत एक थकलेला माणूस थांबत नाही, याचा आनंद खुनाच्या आनंदात जमा करता येईल का, हे तुम्हीच ठरवा.

आता तुम्ही कंसात लिहिलेल्या वाक्याकडे येते. आठ पानांत कंसाचा वापर तुम्ही एकदाच केला आहे, आणि तो ओव्याच्या पाण्यासाठी. भाषा शिकवलेल्या व्यक्तीला कंस कशासाठी असतो हे मी सांगायला नको. मी डॉक्टर नाही, आणि त्या रात्री काय झाले असावे याबद्दल एक शब्दही बोलण्याचा मला अधिकार नाही. पण मला एवढे दिसते की यजमान गेल्यानंतर जो तो ‘झोपेत गेले, पुण्यवान होते’ असे म्हणाला असेल, आणि त्या वाक्याने सगळ्यांचे प्रश्न मिटले असतील, फक्त तुमचा तेवढा राहिला असेल. अशा वेळी ज्या पुस्तकांत मृत्यूविषयी ‘का’ आणि ‘कसे’ हे प्रश्न विचारणे हेच कोणाचे तरी रोजचे काम असते, आणि जिथे शेवटच्या पानाआधी उत्तर मिळते, त्या पुस्तकांकडे मन ओढ घेत असेल तर त्यात मला रोगट काही दिसत नाही. हा माझा तर्क आहे आणि तो चुकीचाही असू शकेल. बरोबर असेल, तर एक गोष्ट कादंबरी वाचून होणार नाही, ती तुम्हाला करावी लागेल. यजमानांचे आधीचे तपासण्यांचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, जे काही घरात असेल ते एका फाईलमध्ये लावा आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना अर्धा तास मागून घ्या. ओव्याच्या पाण्याचा प्रश्न त्यांना स्पष्ट शब्दांत विचारा. मुलाला सोबत न्यावेसे वाटले तर न्या. खऱ्या मृत्यूला नेहमी शेवटचे प्रकरण मिळत नाही. परंतु तीन वर्षे मनात धरून ठेवलेला प्रश्न मोठ्याने विचारला गेला पाहिजे. त्यानंतरही रात्री झोप लागत नसेल, माणसांत जावेसे वाटत नसेल, तर समुपदेशकाकडे जाण्यात संकोच करू नका, आणि त्याचे खापर पुस्तकांवर फोडू नका.

तुमच्यासारखी अवस्था असलेल्या इतर वाचकांसाठीही हे येथेच सांगून टाकते. वाचनाने मन निवते की मन दडून बसते, हे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे. पुस्तक मिटल्यावर तुम्ही उठून कुकर लावता, फोन उचलता, शेजारणीशी दोन शब्द बोलता का, एवढे पाहावे. तुम्ही लिहिले आहे की मेग्रेची बायको रात्री जेवण झाकून ठेवते ते वाचून तुम्ही बऱ्याच महिन्यांनी स्वतःसाठी ताजी भाकरी टाकली. मला याहून अधिक दाखला नको.

तुमच्या मैत्रिणीच्या वाक्याकडे वळते. मनाचा आळस हा आरोप या प्रकारच्या वाचनावर फार जुना आहे आणि त्यामागे एक गृहीतक आहे: जे वाचायला कष्ट पडतात ते मोठे, आणि जे वाचताना पान आपोआप उलटते ते हलके. तुम्ही शाळेत हेच गृहीतक धरून पुस्तके जप्त केलीत. तुमच्या वेळच्या बहुतेक शिक्षकांनी तेच केले, माझ्याही शाळेत ते होत होते. पण पान उलटते ते का उलटते, हे पाहिले तर आळस कुठे दिसत नाही. पोलीस कादंबरीचा वाचक अतिशय सावध असतो. पंधराव्या पानावर कोणी चहात साखर घेतली नव्हती, हे त्याला एकशे वीसाव्या पानापर्यंत आठवावे लागते. साक्षीदाराचा पहिला जबाब आणि दुसरा जबाब यांतला एका शब्दाचा फरक त्याने टिपावा, अशी लेखकाची अपेक्षा असते. मराठीचे व्याकरण शिकवताना तुम्ही मुलांकडून हीच सावधगिरी मागत होतात, आणि बाकाखाली ती आपण होऊन चाललेली होती.

येथे एका मोहापासून मात्र तुम्ही दूर राहावे असे मला वाटते. या कादंबऱ्यांचा बचाव करताना पुष्कळ जण म्हणतात की ही पुस्तके प्रत्यक्षात समाजाचे विश्लेषण करतात. ते खरेही आहे. शोवाल आणि वालो यांनी आपल्या दहा पुस्तकांचा संच जाणूनबुजून स्वीडनच्या कल्याणकारी राज्याची चिकित्सा म्हणून योजला होता आणि शेवटच्या पुस्तकांत ती टीका फार धारदार होते. पण आपल्या आवडीला प्रवेशपत्र मिळावे म्हणून हे पुढे केले, तर आपण मैत्रिणीचे गृहीतक मान्य केल्यासारखे होते. ही पुस्तके वाचताना तुम्हाला सुख वाटते. तेवढे कारण मला पुरेसे आहे आणि तुम्हालाही पुरावे.

सुख वाटते म्हणून डोळे मिटून वाचावे, असेही माझे म्हणणे नाही. या साहित्यप्रकाराचे दोष मला माहीत आहेत आणि त्यांतले काही मला मनापासून खुपतात. काही लेखक स्त्रीचे प्रेत पानेच्या पाने असे न्याहाळतात की शोध बाजूला पडतो आणि नुसता बघेपणा उरतो. अशी पुस्तके मी मिटून ठेवते आणि पुन्हा उघडत नाही. दुसरा दोष आपल्याकडे अधिक जाणवतो. कोठडीत दोन थपडा लगावल्या की गुन्हेगार घडाघडा बोलू लागतो, असे दाखवणाऱ्या गोष्टींनी आणि चित्रपटांनी आपल्या मनात मारहाणीला तपासाची पद्धत म्हणून मान्यता दिली आहे. आपल्या कायद्याने ती कधीच दिली नव्हती. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ मध्ये हीच तरतूद कायम आहे. कबुली कोणत्या मार्गाने काढली जाते याची कायदा करणाऱ्यांना पुरती कल्पना होती, म्हणूनच हे कलम आले. मेग्रेच्या अनेक गोष्टी पहाटेच्या सुमारास कबुलीने संपतात. त्या वाचताना, हीच कबुली आपल्याकडे न्यायालयात उभी राहिली नसती, मग या माणसाला आणखी काय गोळा करावे लागले असते, असा विचार मनात ठेवून पाहा. निळा दोरा, पावती, सुट्टीतली छायाचित्रे यांची किंमत त्या विचाराने लगेच वाढते.

मुंबईचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ मध्ये मुंबई पोलिसांतल्या गणेश घोटे या मराठी आडनावाच्या इन्स्पेक्टरची पहिली कादंबरी लिहिली आणि तिला ब्रिटनमधील रहस्यकथाकारांच्या संघटनेचे मानाचे पारितोषिक मिळाले. त्या वेळी लेखकाने मुंबई पाहिलेली नव्हती. तो येथे प्रथम आला तो सुमारे दहा वर्षांनी. त्यामुळे त्या पुस्तकांतली मुंबई आणि विशेषतः माणसांची बोली मराठी वाचकाला अधूनमधून खटकते, आणि ते खटकणे योग्यच आहे. पण घोटे हा माणूस मला प्रिय आहे. वरिष्ठांपुढे त्याची जीभ अडखळते, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात तो अवघडून बसतो, त्याला स्वतःबद्दल सतत शंका असते, आणि एवढे सगळे असूनही तो प्रश्न विचारणे सोडत नाही. सरकारी नोकरी केलेल्या आपल्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी जण त्याच्यात सापडतात.

आता कट्ट्याचा प्रश्न. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत आणि तिन्ही तुम्ही पत्रात चाचपून पाहिल्या आहेत. प्रकृतीचे कारण सांगून त्या दिवशी न जाणे ही पहिली. तिने एक महिना निभेल, पण कव्हर तसेच राहील. साठ पाने वाचलेल्या कादंबरीवर प्रस्तावना आणि परीक्षणे चाळून बोलणे ही दुसरी. तुमचा अनुभव पाहता ते भाषण चांगलेही होईल, आणि म्हणूनच मला ती वाट सर्वांत वाईट वाटते. न वाचलेल्या धड्यावर आत्मविश्वासाने उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला तुम्ही कधी गुण दिले नसतील. राहिली तिसरी. संयोजकांना आजच फोन करून सांगा की माझ्या नावापुढचे पुस्तक बदला. कारण देण्याची गरज नाही. ती गंभीर कादंबरी साठाव्या पानावर खूण घालून कपाटात ठेवा. ती पुस्तके वाट पाहू शकतात, आणि दुःखाच्या तिसऱ्या वर्षी न झेपलेले पुस्तक पाचव्या वर्षी सहज पेलते, असे मी स्वतःच्या बाबतीत अनुभवले आहे.

बोलायचे कसे, याबद्दल माझी सूचना अशी. या साहित्यप्रकाराची बाजू मांडायला जाऊ नका, इतिहास सांगू नका, आणि माझ्या या पत्रातले काहीही वापरू नका. एकतीसपैकी एक पुस्तक निवडा आणि त्यातले एकच पान, शक्यतो तुम्ही पुन्हा पुन्हा वाचता ते, आधी घरी मराठीत उतरवून काढा. अनुवाद करताना तुम्हाला दिसेल की सिमेनाँची वाक्ये किती लहान आहेत आणि त्यांत विशेषणे किती थोडी आहेत; आपल्या लेखनातून तो हौसेने लिहिलेले शब्द काढून टाकत असे. ते पान कट्ट्यावर मोठ्याने वाचा. वर्गात धडा वाचायचात तसे, सावकाश. मग हे पान मला का आवडते ते तीन-चार वाक्यांत सांगा. शेवट सांगू नका. मैत्रिणीने आपले जुने वाक्य पुन्हा म्हटले, तर वाद घालण्यापेक्षा पुस्तक तिच्या हाती द्या आणि परत करण्याची तारीख ठरवून घ्या. आणि अर्थातच, पुस्तकाला कव्हर घालू नका.

ज्यांना हे वाचन नव्याने सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. मार्टिन बेकची दहा पुस्तके क्रमानेच वाचावीत, कारण माणसे वयाने वाढतात, संसार मोडतात, सहकारी बदलतात आणि आधीच्या जखमा पुढच्या पुस्तकांत दुखत राहतात. मेग्रेच्या पंचाहत्तर कादंबऱ्यांना असा क्रम लागत नाही. कुठूनही सुरुवात करावी, आणि एक आवडली नाही तर लगेच दुसरी घ्यावी. एकाच नायकाऐवजी संपूर्ण ठाणेच्या ठाणे पाहायचे असेल तर अमेरिकेतल्या एड मॅक्बेनने १९५६ पासून ‘८७ वा प्रीसिंक्ट’ या ठाण्यावर लिहिलेली मालिका आहे. त्यात आज याचा तपास पुढे असतो, उद्या त्याचा. इंग्रजी सरावाचे नसेल तर पहिल्या वीस पानांत प्रत्येक नव्या माणसाचे नाव आणि त्याचे काम एका चिठ्ठीवर लिहून ती पुस्तकात ठेवावी. विशेषतः जपानी आणि स्वीडिश नावांची गल्लत होते आणि त्यामुळे चांगली पुस्तके अर्धवट सुटतात. शेवटचे पान आधी वाचण्याची सवय असलेल्यांनी अपराधी वाटून घेऊ नये; भीती कमी झाली की काही जणांना मधली पाने अधिक शांतपणे वाचता येतात. रात्री मात्र तपास अर्धा असताना थांबायचे कुठे, हे आधी ठरवून ठेवावे. प्रकरणाच्या शेवटी लेखक तुम्हाला पुढे ओढण्याचीच व्यवस्था करून ठेवतो, म्हणून मी प्रकरणाच्या मध्यावर, एखाद्या जेवणाच्या किंवा प्रवासाच्या वर्णनाशी थांबते, आणि झोप चांगली लागते.

एक गोष्ट उरली. कपाटातल्या त्या अर्नाळकरांच्या पुस्तकाबद्दल तुम्ही लिहिले आहे की त्यावर गावातल्या बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का आहे, आणि जिथपर्यंत वाचून झाले होते तिथे पानाचा कोपरा दुमडलेला आहे. दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या घेताना तुम्हाला ते आठवते आणि तुम्ही सुटे पैसे मोजण्यात गुंतल्यासारखे दाखवता. ताई, चौतीस वर्षे होऊन गेली तरी त्या मुलाला खुनी कोण होता ते कळलेले नाही. पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा ते पुस्तक पिशवीत घेऊन जा. दुकानात गर्दी नसेल अशी दुपारची वेळ निवडा. माफी मागण्यासाठी शब्द जुळवत बसू नका. ‘हे तुझे माझ्याकडे राहिले होते’ एवढे म्हटले तरी त्याला कळेल. आणि दुमडलेला कोपरा सरळ करू नका, तो तसाच असू द्या.